आधी त्याचा हात दाखव, बाकीचं मग

बेळगावच्या वडगावहून एका बहिणीचं चार पानी पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून त्यातला मुख्य भाग इथं देते.

“मावशी, माझा भाऊ १७ वर्षांचा. पीयूसीला (अकरावी-बारावीला) दोन विषय राहिले तेव्हापासून कॉलेज सुटलंय. आता दिवसभर एका अण्णाच्या ग्रुपमध्ये असतो. अण्णा गाडीत पेट्रोल घालतो, बिर्याणी देतो. वाढदिवसाला तलवारीनं केक कापतात आणि स्टेटसला टाकतात. सगळ्यांनी मिळून जत्रेत मनगटावर एकच खूण गोंदवून घेतली. गेल्या आठवड्यात रात्री दीडला उजवा हात रुमालात गुंडाळून आला. गाडीवरनं पडलो म्हणाला. नंतर कळलं, दुसऱ्या गल्लीतल्या पोराच्या तोंडावर बुक्की मारली होती. आज आठवा दिवस. मधल्या बोटाच्या सांध्यावर सूज आहे, पिवळं पाणी येतंय, बोट सरळ होत नाही. हळद भरतो आणि मेडिकलमधनं गोळ्या आणून खातो. दवाखान्यात चल म्हटलं तर ‘केस होते आक्का, सोड की’ म्हणतो. त्याच्या खिशात गोळ्यांची अर्धी पट्टी मिळाली, फोटो पाठवतेय. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायलाय. बाबा दिवसभर कापडाच्या मागावर असतात. त्यांना सांगितलं तर ते मारतील आणि हा घर सोडून जाईल. सांगू की नको? पोलिसांत जाऊ? की गडहिंग्लजला मामाकडं पाठवून देऊ?”

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचताना मी दुसऱ्या पानावरच थांबले आणि आधी तारीख बघितली. तू तीन प्रश्न विचारलेस, पण त्यातला एकही आजचा नाही. आजचा प्रश्न त्याच्या मधल्या बोटाचा आहे. पुढचे काही परिच्छेद मी त्याच रात्री तुझ्या पत्त्यावर पाठवले. तुझं उत्तर आलेलं नाही, म्हणून इथंही लिहिते. तुझ्यासारख्या आणखी कितीतरी बहिणी हे वाचत असतील.

मी ३१ वर्षं नर्स होते. त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात गेली, त्यामुळं असला हात मला पत्रातूनही दिसतो. बुक्की मारताना मूठ आवळलेली असते. समोरच्याचा दात सांध्यावरच्या ताणलेल्या कातडीतून शिरतो, बोट उचलणाऱ्या दोरीतून पार होतो आणि थेट सांध्याच्या पोकळीपर्यंत पोचतो. मग पोरगं मूठ उघडतं. कातडी एका बाजूला सरकते, आतली दोरी दुसऱ्या बाजूला, आणि भोक झाकलं जातं. वरून मुगाच्या दाण्याएवढी खरचट दिसते. आत मात्र माणसाच्या तोंडातले जंतू डबीत कोंडल्यासारखे बंद होतात आणि सांधा खायला लागतात. कुत्रा चावला की आपण धावत इंजेक्शनला जातो. माणसाचा दात लागला तर कुणी जात नाही, आणि बोटं जातात ती अशीच.

हळद वरवर बसते, आतपर्यंत पोचत नाही. मेडिकलमधल्या चार गोळ्यांनी सूज दोन दिवस उतरल्यासारखी वाटेल आणि तेवढ्यात सांध्याचं हाड सडेल. या हाताचा एक्स-रे लागतो, बहुतेक वेळा जखम उघडून आतून धुवावी लागते, शिरेतून औषधं द्यावी लागतात, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. आठ दिवस गेलेत. डॉक्टर काय म्हणतील ते मी इथून सांगू शकत नाही, पण एक दिवसही वाया घालवू नकोस. ताप असेल, सूज मनगटाकडं चढत असेल, हातावर लाल रेघ दिसत असेल, तर सकाळचीही वाट बघू नकोस. सिव्हिलची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.

आणि तिथं खरं सांगायचं. ‘गाडीवरनं पडलो’ म्हटलं की डॉक्टर खरचटल्याचा इलाज करतात. ‘दातावर बुक्की बसली’ म्हटलं की इलाजच बदलतो. औषध वेगळं, जखम शिवायची की उघडी ठेवायची हा निर्णय वेगळा. डॉक्टरांना कुणाशी भांडलास, का भांडलास, यात रस नसतो. त्यांना दात होता की दगड होता एवढंच हवं असतं. तो सांगायला लाजला तर तू सांग.

आता त्याची भीती. “केस होते.” ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हटलं तर तो तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. मारामारीतली जखम घेऊन कुणी आलं की दवाखाना तशी नोंद करतो आणि पोलिसांना कळवतो. तो दवाखान्याच्या कामाचाच भाग आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी पोरांना माहीत नसतात. एक, नोंद झाली म्हणजे गुन्हा लागला असं होत नाही. पोलीस येतात, विचारतात, लिहून घेतात. दुसरी, आधी इलाज आणि मग कागद. हे १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात बजावलंय. एका स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं होतं. जवळच्या दवाखान्यानं ‘आमच्याकडं पोलीस केस घेत नाहीत’ म्हणून त्याला २० किलोमीटरवरच्या दवाखान्यात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. तेव्हापासून सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्याचं काम कागदासाठी अडवता येत नाही. कुणी अडवलं तर हे सांग, आवाज न चढवता सांग, पण सांग.

ज्याला मारलं त्या पोराच्या घरच्यांनी तक्रार दिली तर केस होऊ शकते. तेव्हा काय? तुझा भाऊ १७ वर्षांचा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, त्याचा विषय बाल न्याय मंडळासमोर जातो, त्याचं नाव-फोटो छापता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००. आणि त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी अण्णा त्याला कधीच सांगणार नाही. लहान पोरांना बेकायदा कामात वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. पोराच्या हातात दारू किंवा नशेची गोळी ठेवणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत. म्हणून दवाखान्याची भीती सगळ्यात जास्त कुणी घातलीय ते बघ. पोरगं दवाखान्यात गेलं की कुणीतरी विचारणार, ‘हे कुणाबरोबर असतंय?’ ते ज्याला नको असतं, तोच ‘केस होते’ म्हणून सांगत फिरतो.

एक प्रसंग सांगते. नाव-गाव सांगणार नाही, पोरगं गेलं त्याला बरीच वर्षं झाली. रात्रीचे साडेअकरा असतील. एका मोटरसायकलवर तिघं आले, मधल्याची मान पुढच्याच्या पाठीवर टेकलेली. मांडीच्या वरच्या बाजूला चाकू लागला होता. वर दोन रुमाल आणि एक शर्ट बांधला होता, तो चिंब झाला होता. लागल्याला चाळीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं पोरं काय करत होती? आधी एका ओळखीच्या डिस्पेन्सरीत गेली, ती बंद. मग कुणाच्या तरी कंपाउंडरला फोन. मग एका खोलीत नेऊन पाणी पाजलं. मोठा दवाखाना तिथून सात-आठ मिनिटांवर होता. केस होईल म्हणून तिकडं वळली नाहीत. त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्याची नाडी माझ्या बोटांना लागत नव्हती. ज्यानं त्याला मागून धरून आणलं होतं, तो पोरगा व्हरांड्यात भिंतीला टेकून मला एकच गोष्ट परत परत सांगत होता. “सिस्टर, मांडीवर मारलं की मरत नसतंय. मांडीवरच मारलंय.”

ही समजूत मी नंतरही ऐकली. पोटात मारलं तर मरतो, मांडीवर मारलं तर नुसता धाक बसतो. मांडीतून आणि जांघेतून शरीरातली एक मोठी रक्तवाहिनी जाते. ती कापली तर माणूस काही मिनिटांत रिकामा होतो. तुझ्या भावाला हे माहीत नसेल. त्याच्या सगळ्या ग्रुपला माहीत नसेल. ते त्याला सांग. उपदेश म्हणून सांगू नकोस, माहिती म्हणून सांग.

आणि देव करो वेळ न येवो, पण तुझ्यासमोर तशी वेळ आली तर काय करायचं तेही ऐकून ठेव. १०८ ला फोन. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही तळव्यांनी, सगळा भार टाकून दाबायचं. मध्ये उचलून बघायचं नाही, दहा मिनिटं तर नाहीच. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. चाकू आत अडकला असेल तर ओढायचा नाही, तोच काही काळ भोक बुजवून ठेवतो. तोंडात पाणी घालायचं नाही. हळद, कॉफी, विडीची राख, काही नाही. आणि डोक्यात काठी बसली असेल तर ‘शुद्धीत आहे, बोलतोय’ म्हणून झोपू द्यायचं नाही. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलं तर माणूस आधी तास-दोन तास अगदी नीट बोलतो. मग उलटी होते, झापड येते, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते. दारूचा वास येत असेल तर लोक झापड दारूची समजतात. त्या समजुतीनं पोरं सकाळी उठलेली नाहीत.

आता गोळ्या. तू फोटो पाठवलास त्या गोळीचं नाव मी इथं छापणार नाही. ती झोपेची आणि चिंतेची गोळी आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही आणि चिठ्ठीवर दिली तरी मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरात लिहून ठेवावी लागते. तरी ती पोरांच्या खिशात येते. मारामारीला जाताना पोरं ती का घेतात ते मला एकानं सांगितलं होतं. “भीती वाटत नाही सिस्टर. आणि दुसऱ्या दिवशी काय केलं ते नीट आठवत पण नाही.” दोन्ही खरं आहे. म्हणूनच ती गोळी वाईट. भीती ही शरीराची पहारेकरी असते, तिला झोपवून पोरगं चाकूसमोर उभं राहतं.

यातले दोन धोके तुला लगेच कळायला हवेत. दारूबरोबर ही गोळी घेतली तर झोपेत श्वास मंदावतो, कधी थांबतो. घरात तो गाढ झोपला, जोरजोरात घोरतोय, घशातून घरघर येतेय, तर ‘झोपू दे गं’ म्हणून दार लावू नकोस. हलव, हाक मार, छातीच्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी चोळ. उठला नाही तर कुशीवर वळव, म्हणजे उलटी झाली तरी श्वासात जाणार नाही, आणि १०८. काही पोरं दुखण्यावरच्या जहाल गोळ्याही घेतात. त्यात ओठ निळसर पडतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तेव्हाही हेच करायचं. आणि डॉक्टरांच्या हातात पट्टी द्यायची, ती फेकून द्यायची नाही.

दुसरा धोका तुझ्या मामाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. ही गोळी महिना-दीड महिना रोज घेतली असेल आणि एकदम बंद केली तर हात कापतात, झोप उडते, अंगाला घाम सुटतो आणि फिट येऊ शकते. तू त्याला उद्या गडहिंग्लजच्या बसमध्ये बसवलंस, खिशातली पट्टी काढून घेतलीस, आणि तिसऱ्या दिवशी मामाच्या घरी त्याला फिट आली, तर मामांना काय कळणार? ती गोळी हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करायची असते. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे, बेळगावहून दीड-दोन तासांचा रस्ता. फोनवर आधी बोलायचं असेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, पैसे लागत नाहीत. आणि हेही त्याला सांग, की जो आपणहून उपचाराला येतो त्याला थोड्याशा मालासाठी खटल्यापासून संरक्षण अमली पदार्थांच्या कायद्यातच दिलंय, कलम ६४अ. नशा सुटायची वाट पोलीस ठाण्यातूनच जाते असं त्याला वाटत असेल, तर ते खरं नाही.

मामाकडं पाठवायचं की नाही? त्याला कुणी थेट धमकी दिली असेल, घरासमोर गाड्या थांबत असतील, तर हाताचा इलाज सुरू करून लगेच पाठव, गावाचं नाव कुणाला सांगू नकोस आणि ११२ ला कळव. तसं नसेल तर घाई करू नकोस. आपल्याकडं सीमा ओलांडली की प्रश्न मागं राहतो असं मानायची सवय आहे. कोल्हापूरला ठेवलं, गडहिंग्लजला ठेवलं, पुण्याला कंपनीत लावलं. मोबाइल त्याच्याबरोबरच जातो, अण्णाचा फोनही जातो. त्याला स्वतःला जायचं असेल, तिथं काही काम-शिक्षण ठरलं असेल, तर जागा बदलण्याचा मोठा उपयोग होतो. शिक्षा म्हणून पाठवलं तर दोन महिन्यांत परत येतो, आणि येतो तो आधी अण्णाकडं.

जत्रेतल्या त्या गोंदणाचं एका ओळीत लिहून तू पुढं गेलीस. मी तिथं थांबते. सगळ्यांनी एका बसकीत, एकाच माणसाकडून गोंदवलं, म्हणजे सुई बदलली का, आणि शाईची वाटी? एका पोराच्या रक्तातली हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही त्या सुईवरून पुढच्या पाच जणांत जाऊ शकते. आणि हिपॅटायटिसचं वाईट असं, की कित्येक वर्षं काहीच दुखत नाही. घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. हिपॅटायटिस सी आज बहुतेकांचा गोळ्यांनी, साधारण १२ आठवड्यांत, पूर्ण बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात ते औषध फुकट आहे. बी ची लस आहे. एचआयव्हीवर रोजच्या गोळ्या घेऊन माणूस भरपूर जगतो. पण त्यासाठी तपासणी करावी लागते. हाताच्या इलाजाला गेलात की त्याच वेळी करून घ्या. सिव्हिलच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात ती मोफत होते आणि निकाल संमतीशिवाय बाहेर कुणाला सांगितला जात नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा. गोंदवून तीन महिने झाले नसतील तर तीन महिन्यांनी परत एकदा. आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या पोरांनाही हे कळायला हवं. तुझ्या भावानं ते एवढं एक केलं तरी पुष्कळ.

गुटखा खातो का ते तू लिहिलं नाहीस. कर्नाटकात बंदी येऊन बरीच वर्षं झाली तरी तो मिळतो हे तुला-मला माहीत आहे. त्याला हसत-खेळत तोंड उघडायला लाव आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जातात का बघायला सांग. जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर दाताच्या डॉक्टरकडं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणी. चिलीम ओढणारी पोरं बंद खोलीत तासन्‌तास एकमेकांच्या तोंडासमोर बसतात, आणि क्षय हवेतूनच पसरतो.

बाबांना सांगायचं का, या प्रश्नाला उत्तर तुझ्या हातात राहिलेलं नाही. तो १७ वर्षांचा आहे. हाताचं ऑपरेशन लागलं तर आई किंवा वडिलांची सही लागेल. एचआयव्ही तपासणीलाही पालकांची संमती लागते. म्हणून आज रात्री आईला सांग. स्वयंपाकघरात, एकटीला, आणि सुरुवात हातापासून कर. “त्याच्या बोटात पू झालाय, उद्या सिव्हिलला न्यायचाय, तू चल.” एवढंच. तलवार, अण्णा, गोळ्या, हे सगळं एका दमात सांगितलंस तर आई घाबरून बाबांना उठवेल आणि बोट बाजूला राहील. बाबांना दुसऱ्या दिवशी, दवाखान्यातून आल्यावर सांग, आणि सांगताना तुझ्या आणि आईच्या मध्ये बसव. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस घरी येऊन पोरावर हात का उचलतो, ते मला कळतं. वर्षभराच्या फीचे पैसे गेले, पोरगं हातचं गेलं, आणि हे सगळं तो एका शब्दात कुणाला सांगू शकत नाही. त्यांना सांग, “बाबा, त्याला मार खायची सवय झालीय. तिकडं पण तेच आहे. घरात तेच मिळालं तर घर आणि कट्टा यांत फरक काय?” हे कठोर वाटेल, पण बापाला समजतं. मी अनेक बापांना समजताना पाहिलंय.

कुकरच्या शिट्टीला दचकणं. पत्रातलं हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा वाचलं. तू ते जाता जाता लिहिलंस. पोरगं दचकतं, रात्री जागतं, दुपारी बारापर्यंत झोपतं, बहुधा दाराकडं तोंड करूनच बसत असेल. याला आपण माज म्हणतो, आळस म्हणतो. डोळ्यासमोर रक्त बघितलेल्या माणसाचं शरीर सतत दुसऱ्या वाराची वाट बघत राहतं, त्याची ही लक्षणं. ती सैनिकांत दिसतात, भूकंपातून वाचलेल्यांत दिसतात, आणि गल्लीतल्या १७ वर्षांच्या पोरातही दिसतात. यावर इलाज आहे. मनाच्या आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दिवसरात्र चालते, भाषा निवडता येते, मराठी घे. आणि एक प्रश्न त्याला तोंडावर विचार. “मरून जावं असं वाटतं का तुला कधी?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर तेवढ्या विचारण्यानं तो थोडा हलका होतो. हो म्हणाला तर त्याला एकटा सोडू नकोस, घरातल्या गोळ्या आणि पाती लपव, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

पोलिसांत जायचं का? तुझ्या भावाच्या विरोधात, आज, नाही. गोळ्या कोण पुरवतं आणि पोरांना पाठवतं कोण, हे सांगायची वेळ येऊ शकते. पण ती माहिती तुझ्याकडून नव्हे, वकिलाच्या सल्ल्यानं आणि शक्य तर त्याच्या तोंडून जावी. एकट्या मुलीनं ते अंगावर घ्यावं असं मला वाटत नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तिथंही बोलता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहिलं ती. १९९६ साली जागतिक आरोग्य परिषदेनं हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचं जाहीर केलं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी २००५ मध्ये ते मनावर घेतलं. त्यांच्याकडं चाकूबाज टोळ्यांनी शहर पोखरलं होतं. पुढं तिथल्या दवाखान्यांत अशी माणसं ठेवली गेली, ज्यांचं काम जखमी पोराच्या खाटेशेजारी बसणं एवढंच. त्यांतली काही त्याच आयुष्यातून बाहेर पडलेली. त्यांच्या लक्षात आलं होतं की टाके पडताना पोरगं ग्रुपमध्ये नसतं. तेव्हा ते एकटं असतं, दुखत असतं, आणि ऐकतं.

बेळगावात अशी माणसं मी आमच्या कॅज्युअल्टीत कधी बघितली नाहीत. पण तलवारीचं स्टेटस टाकणारी पोरं मी तिथं पाहिलीत. सुई टोचताना ती आईचा पदर धरतात. अण्णा तिथं नसतो. तिथं तू असशील. केसपेपरच्या रांगेत, एक्स-रेच्या बाकावर, दोन-तीन तास तुम्ही दोघं शेजारी बसाल. तेव्हा भाषण देऊ नकोस. अण्णाला शिव्या देऊ नकोस, तो त्याची बाजू घेईल. विचार, “त्या रात्री तुला भीती वाटली होती का रे?” आणि गप्प बस. तो पाच मिनिटं मोबाइल बघेल. बघू दे. उत्तर आलं तर फक्त ऐक.

अण्णाच्या जागी काय ठेवायचं हा पुढचा विषय. पेट्रोल, बिर्याणी आणि ‘भावा’ म्हणणारं कुणीतरी, हे तीन त्याला तिथं मिळतंय आणि तिन्ही गोष्टींची त्याला गरज आहे. पीयूसीची परीक्षा आता वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते, दोन विषय निघू शकतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम शिकता येतं, आणि तिथं त्याला दोन्ही हात लागतील, हे त्याला तू सांगितलंस तर तो ऐकेल. तालमीत जायची इच्छा असेल तर बोट बरं झाल्यावर. हे सगळं एका महिन्यात होणार नाही. मध्ये तो परत एकदा त्या कट्ट्यावर जाईलच. गेला म्हणून दार लावू नका. रात्री दीडला दार वाजलं की आधी हात-पाय बघा, मग प्रश्न विचारा.

जाताना आधार कार्ड घे, रेशन कार्ड घे, गोळ्यांची पट्टी घे, मेडिकलमधनं आणलेल्या गोळ्यांची पाकिटं घे. सकाळी त्याला उपाशी ने, ऑपरेशन ठरलं तर तेच सोयीचं. केसपेपर कन्नडमध्ये असेल आणि काही कळलं नाही तर सिस्टरना विचार, लाजू नकोस. आमच्यातल्या बहुतेक जणी दोन्ही भाषा बोलतात. घरातून निघताना त्याला फक्त म्हण, “केस झाली तर मी येईन तुझ्याबरोबर. चल, हात दाखवून येऊ.”

तिथून आल्यावर मला दोन ओळी लिही. बोट सरळ होतंय का, तेवढं कळव.

तुझी,
मावशी